चार आण्यांची एस-क्लास

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि पुण्या-नाशिकच्या मध्यमवर्गाचं भाग्य उजळलं. साध्या नव्या गाडीच्या भावात दिल्लीतून हद्दपार झालेली मर्सिडीज एस-क्लास! दारात उभी केली की मेहुण्याचं तोंड आपोआप बंद होतं.

गाडी मात्र उभी राहत नाही, बसते. तिला पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेचं सस्पेन्शन असतं. त्यातले रबरी फुगे जुने झाले की त्यांना बारीक चिरा जातात, रात्रभरात हवा निघून जाते आणि सकाळी गाडी एका चाकावर गुडघा टेकून असते. मालक शेजाऱ्यांना सांगतो, "जर्मन अदब आहे ती." तिला उठवता उठवता हवा भरणारा कॉम्प्रेसर सतत चालतो, तापतो आणि जळतो, म्हणजे फुग्याच्या दुखण्यात कॉम्प्रेसरचाही बळी. गंमत अशी, की दहा वर्षांत गाडीची किंमत घसरते, सुट्या भागांना ही बातमी कोणी कळवत नाही. ते अजून शोरूमच्याच भावात जगतात.

शिवाय परराज्यातली गाडी, म्हणजे एनओसी, फेरनोंदणी, इथला रस्ता कर. विमा कंपनी गाडीचं वय विचारते आणि 'झिरो डेप'चं, म्हणजे घसारा न कापणाऱ्या विम्याचं, नाव काढलं की हसते.

मालक ऑफिसला स्कूटरवरच जातो. पेट्रोल परवडतं म्हणे.