साबुदाण्याएवढं बटण

आंब्याच्या दिवसांत केळशीला मी म्हणजे निव्वळ खायला काळ. झेला माझ्या हाती दिला की आंबा आधी खाली येतो, मग झेला. म्हणून दादाच्या पेट्यांचा हिशेब माझ्याकडे. त्यासाठी 2004 साली मी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता आणि त्यावर बरीच वर्षं मिरवलोही.

यंदा तो नव्या विंडोज टॅबलेटवर चढवून नेला. पडदा आठ इंची, ठिपके 1920 बाय 1200. सगळं दुप्पट मोठं दाखवायची सोय होती, ती मीच काढून टाकली. पैसे मोजलेत ना, मग एकेक ठिपका राबलाच पाहिजे!

पडवीत बसून प्रोग्रॅम उघडला. बटणांची उंची मी 24 ठिपके ठरवली होती. तेव्हाच्या हिशेबाने इंचात 96 ठिपके, म्हणजे बटण पाव इंच. इथे इंचात 283. बटण झालं दोन मिलिमीटर, कोरड्या साबुदाण्याएवढं. त्यातून 'जमा' आणि 'पुसा' एकाखाली एक चिकटवलेली. तेही माझंच डोकं.

दादाने पोथीचं भिंग आणून दिलं. बटण मोठं दिसलं, पण माझं बोटही दुधीभोपळ्याएवढं दिसायला लागलं. आगपेटीची काडी टोचून पाहिली. त्या काचेला काडी कळत नाही, बोट कळतं.

मग निमूटपणे दोनशे टक्के केलं. आता अक्षरं धुक्यातल्या माडांसारखी. पुतणी म्हणाली, "काका, जुना प्रोग्रॅम आधी लहान काढतात आणि मग ताणतात, म्हणून फिसकटतो." 2010 साली आयफोन 4 मध्ये तेवढ्याच काचेत चौपट ठिपके आले, तेव्हा जुन्या ॲपचा एकेक ठिपका चार ठिपक्यांनी भरला, माप हललं नाही. अँड्रॉइडवर तर इंचाचे 160 भाग धरून मापं देतात, ठिपके कितीही असोत. "तुम्ही ठिपके मोजलेत, बोट नाही मोजलंत."

पोरीसमोर हार कशी मानायची? पुन्हा शंभर टक्के केलं, श्वास रोखला आणि 'जमा' दाबलं.

एकशे बारा पेट्या गेल्या.

दादा काही बोलला नाही. खुंटीवरची लाल वही काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. सगळ्या पेट्या तारीखवार लिहिलेल्या. पानं उलटता उलटता त्याने विचारलं, "यात ते 'पुसा' कुठे असतं रे?"