चौदा फ्रेम मागं

लग्नाची जुनी कॅसेट पिशवीत घालून तुम्ही कधी दुकानं पालथी घातली असतील, तर हा माणूस तुम्हाला भेटलाच आहे. आमचा सावेडीत बसतो. जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, पण याच्या पाटीवर अजून ‘नगर’ आणि ‘कॅसेटची सीडी करून मिळेल’. समोरचा काय बोलतो ते तो ऐकत नाही, ओठ बघतो. टीव्हीवर मंत्री बोलायला लागले की म्हणणार, “तीन फ्रेम मागं.” आश्वासनाबद्दल नव्हे, आवाजाबद्दल.

हिशेब पक्का. आपल्याकडच्या ‘पाल’ व्हिडिओत सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. तेवढ्यात आवाज साधारण 45 फूट जातो. त्यामुळे मांडवात मागच्या रांगेत बसलेल्या पाहुण्याला हा आपणहून जाऊन सांगतो, “पुढच्या कर्ण्याचा आवाज तुम्हाला दोन फ्रेम उशिरा येतोय.” पाहुणा बिचारा जेवणाचं कधी ते विचारत असतो. एकदा वहिनींनी चहाला हाक मारली आणि हा उठला अर्ध्या तासानं. किती फ्रेम झाल्या, असं मी चिडून विचारलं. त्यानं खरंच गुणाकार केला. “पंचेचाळीस हजार.”

दोन कॅमेऱ्यांचा आवाज जुळवायचा तर सुरुवातीला एक खणखणीत टाळी लागते. पाथर्डीकडच्या एका लग्नात अंतरपाट धरलेला, भटजी घसा साफ करताहेत आणि यानं टाळी वाजवली. अर्ध्या मांडवानं अक्षता टाकल्या. भटजी “थांबा, थांबा” म्हणेपर्यंत बँजोवाले सुटले होते.

माझ्या मामेबहिणीच्या व्हीसीडीची डीव्हीडी करताना तर कहरच झाला. व्हीसीडीचा आवाज 44,100 हर्ट्झचा, डीव्हीडीला हवा 48,000. याच्या कॉम्प्युटरनं तो न बदलताच पळवला, त्यामुळे तासाचा आवाज 55 मिनिटांत आटोपला. भटजी चिमणीसारखे चिवचिवले आणि नवरीनं उंबरठ्यावर घेतलेला उखाणा पंगतीत जिलेबी वाढणाऱ्याच्या तोंडून निघाला. मी तावातावानं गेलो.

“भाऊ, मागं पडला असता तर चाललं असतं,” हा शांतपणे म्हणाला. “वीज आधी दिसती, गडगडाट मागून येतो. आवाज सव्वाशे मिलिसेकंद मागं राहिला तरी माणूस खपवून घेतो. पुढं पंचेचाळीस गेला की खटकतं.” रात्रभर बसून त्यानं सगळं परत केलं. डिस्क राईट करायची तीही चारच्याच स्पीडनं. सोळानं का नाही, तर म्हणे, “बाजरीची भाकरी तुम्ही भडक्यावर भाजता का?”

असल्या माणसाकडे मी अण्णांची कॅसेट दिली, कारण नगरात दुसरं कोणी घेईना. ताईच्या लग्नात अण्णा दारात उभे राहून पाहुण्यांना “बसा” म्हणतात, एवढाच त्यांचा आवाज आमच्याकडे उरलेला. यानं तीन रात्री घातल्या. “बाकी सगळ्यांचं जुळलं,” तो म्हणाला, “अण्णांचंच चौदा फ्रेम मागं येत होतं. तेवढं कापून सरकवलं. आता फिट्ट.”

घरी लावली. अण्णांचे ओठ हलले आणि त्याच क्षणी “बसा” आलं. स्वच्छ, ठणठणीत. आई पडद्याकडे बघत राहिली. “हे कोण बोलतंय?”

अण्णा बोलताना अडखळायचे. ओठ आधी मिटायचे, ‘ब’ मागून यायचा. हे त्याला सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

दुकानात जाऊन सांगितलं, तेव्हा पहिल्यांदाच त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं नाही. खाली मान घालून ऐकलं. मग चौदाच्या चौदा फ्रेम परत जागेवर बसवल्या आणि चारच्या स्पीडवर डिस्क लावली. आम्ही दोघं ती होईपर्यंत बसून राहिलो.

रात्री आईला ती दाखवली. अण्णा दारात आले, ओठ मिटले. आवाज यायच्या आत आई सवयीनं म्हणाली, “बसा.”