ट्रॉलीभाऊ

वर्धा जिल्ह्यातले ट्रॉलीभाऊ हे चाळिशी ओलांडलेले, घरची बऱ्यापैकी शेती आणि जोडीला खताचे दुकान, शाळेतली नोकरी किंवा सोसायटीचे संचालकपद असलेले गृहस्थ असतात. देवळी, आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर अशा सगळ्याच तालुक्यांत ते आढळतात. सेलू तालुक्यात बोर धरण आणि जंगल हाकेच्या अंतरावर असल्याने तिथे जरा जास्त फोफावतात. गोठ्यामागे पडलेली जुनी ट्रॅक्टर-ट्रॉली कापायची, उंच करायची, तिच्यावर झोपायची खोली आणि स्वयंपाकघर बसवायचे आणि ती जंगलाच्या वाटेने ओढून न्यायची, हे त्यांचे जीवितकार्य. त्यांच्या आजोबांनीही हेच केले होते. त्यांच्या छपराच्या बैलगाडीला दमणी म्हणत. गिरडच्या किंवा ढग्याच्या यात्रेला निघालेले अख्खे कुटुंब तिच्या छपराखाली झोपे आणि तीन दगडांच्या चुलीवर रांधे. आजोबांनी त्याला कॅम्पिंग म्हटले नाही आणि त्यासाठी कर्जही काढले नाही.

भाऊंना ही लागण मोबाईलवरून होते. ऑस्ट्रेलियातल्या लाल मातीत कोणी एक गोरा गृहस्थ चपटी पेटी ओढत नेतो. खटका दाबताच पेटीतून तंबू, शेगडी, बेसिन आणि हसतमुख पत्नी अशा क्रमाने सगळे बाहेर येते. भाऊंच्या मनात लाल मातीच्या जागी काळी माती येते आणि त्या गृहस्थाच्या जागी ते स्वतः. काळी माती आषाढात चाकाला धरली की चाक फिरायचे थांबते आणि गाडी घसरगाडी होते, हे जन्मापासून पाहिलेले असूनही त्या रात्री त्यांना आठवत नाही.

खर्चाचा आकडा घरी सांगताना भाऊ गांधीजींचा आधार घेतात. जिल्ह्यात ही सोय आहे. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामी राहायला गेले, तेव्हा कुटी स्थानिक साहित्याची असावी आणि खर्च ५०० रुपयांवर जाऊ नये, अशी त्यांची अट होती. भाऊंच्या ट्रॉलीतही सगळे साहित्य स्थानिकच असते: भंगारातला चॅनल, कोणाच्या तरी गोदामाचे पत्रे, मोडीत निघालेल्या एसटीची खिडकी. मात्र ५०० रुपये कडी-कोयंड्यातच संपतात. रूपांतराची परंपराही ते बजाजवाडीपर्यंत नेऊन भिडवतात. जमनालाल बजाजांकडे इंजिनाविना मोटारीला बैल जुंपलेले एक वाहन होते आणि त्याला गमतीने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, ही आठवण वर्ध्यात अजून सांगितली जाते. भाऊंच्या मते आपली ट्रॉली ही त्याची पुढची पायरी. स्वावलंबनावर त्यांची निष्ठा अढळ असते. ट्रॉली ‘स्वतः’ बनवली म्हणजे वेल्डिंग सुरू असताना ते स्वतः बाजूला उभे होते.

वेल्डिंगवाला हा या कथेतला दुसरा पुरुष. त्याचे उत्तर ठरलेले असते: “होऊन जाते न भाऊ, दोन दिवसांत.” हे दोन दिवस पोळ्यापासून धुळवडीपर्यंत चालतात, कारण मध्ये लोकांच्या वखरांची आणि गेटांची कामे येतात आणि ती लोकांना खरोखर हवी असतात.

खरी अडचण यंत्रशास्त्राची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे पाटे टनावारी माल वाहायला बनवलेले असतात. त्यावर प्लायवूडची हलकी खोली ठेवली तर पाटे दबतच नाहीत आणि दर खड्ड्याला खोली उसळते. उपाय सोपा आहे. काही पाने काढून पाटा मऊ करायचा. वेल्डिंगवाला मात्र “मजबुतीसाठी” दोन पाने वाढवतो. दगडधोंड्यातून जायचे म्हणून ट्रॉली उंच केली की तिचा गुरुत्वमध्यही वर जातो आणि उतारावर ती कलंडू पाहते. त्यासाठी चाकांमधले अंतर वाढवावे लागते. ते वाढवले की ट्रॉली गोठ्याच्या फाटकातून बाहेर येत नाही. हा शोध नेहमी रंग दिल्यानंतरच लागतो.

वजनाची वाटणी हा आणखी एक नाजूक विषय. एका एक्सेलच्या ट्रेलरचा साधारण दहावा हिस्सा भार पुढच्या हुकावर यायला हवा, नाहीतर वेग वाढताच ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि शेवटी ओढणाऱ्या गाडीलाच हलवतो. पण भांडी घासायला सोपे म्हणून पाण्याची टाकी मागे, टाकीजवळ हवा म्हणून ओटा मागे आणि ओट्याजवळ हवे म्हणून सिलिंडर मागे, असे करत सगळे घर शेपटाकडे सरकते. चाचणीच्या दिवशी ट्रॉली बोलेरोला जोडायला गेले की बोलेरोचा मागचा भाग वर उचलला जातो. पाहायला जमलेली पोट्टी टाळ्या वाजवतात. मग पुढे सिमेंटची दोन पोती कायमची ठेवली जातात. पाहुण्यांना भाऊ त्यांना ‘बॅलन्स’ म्हणून दाखवतात.

कायद्याचा भाग भाऊ लवकर आटोपतात. कायदा आटोपत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही, आणि शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॉलीवर शयनगृह हा फेरफारच होय. भाऊंकडे मात्र राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत तयार असते. धोरणात कॅम्पर ट्रेलरचा उल्लेख आहे, आणि उल्लेख म्हणजेच परवानगी, असे त्यांचे वाचन आहे.

पोलिसांचा आक्षेप वेगळ्याच मुद्द्यावर असतो. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. दुहेरी तळ, गादीखालचे कप्पे, पत्र्यामागची चोरखण आणि थंड पेटी, हे सगळे एकाच वाहनात असण्याचे कारण नाक्यावरच्या हवालदाराच्या अनुभवात एकच असते. भाऊ प्रत्येक कप्पा उघडून दाखवतात. एकात तिखट, एकात बेसन, एकात गोरसपाक बिस्किटांचा पुडा. तो निम्मा झाल्यावरच तपासणी संपते.

पहिली सहल अर्थातच बोरला. २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या त्या जंगलात मनाला येईल तिथे खोली उभी करून रात्र काढता येत नाही, हे फाटकावर कळते. मग मुक्काम हिंगणीकडच्या साडूच्या वावरात पडतो. बाहेर ओढायचे स्वयंपाकघर बाहेर येते आणि आत जात नाही. तोवर साडूने गोवऱ्या पेटवून रोडगे आणि वांगी भाजायला घेतलेली असतात. भाऊही तिथेच जाऊन बसतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या मुलखात दिवसभर तापलेली पत्र्याची खोली मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. सगळे कुटुंब बाहेर खाटांवर झोपते. आत झोपतो तो एकटा पंखा, कारण सोलरची बॅटरी फक्त त्यालाच पुरते.

घरचा हिशेब दिवाळीनंतर होतो. कापूस वेचून पडलेला, ट्रॉलीवर पलंग, आणि जिनिंगला माल न्यायला शेजाऱ्याची ट्रॉली भाड्याने. वहिनी काही बोलत नाहीत. भाड्याची पावती तेवढी पलंगावर ठेवतात. म्हातारे वडील मात्र ट्रॉलीभोवती एक चक्कर मारतात, खिडकी उघडतात, गादी दाबून पाहतात आणि म्हणतात, “पोरा, जागलीले बेस आहे.” रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला त्यांनी उभा जन्म मचाणावर काढलेला असतो. डास न चावता, पाय लांब करून, दिव्याच्या उजेडात जागल करता येते हे त्यांना प्रथमच दिसते. दुसऱ्या दिवशी ट्रॉली हरभऱ्याच्या धुऱ्यावर जाते आणि पाण्याच्या टाकीत पहिल्यांदाच पाणी भरले जाते.

अशी ट्रॉली कोणाला चार दिवस हवी असल्यास भाऊ आनंदाने देतात, बोलेरोसकट. फक्त होळीनंतर विचारावे. हरभरा उभा असेपर्यंत वडील ती हलू देत नाहीत.