क्लच कुठे गेला?

बंद गाडीला धक्का मारणे हा आपल्याकडे एकेकाळी सार्वजनिक समारंभ असे. रस्त्याने जाणारी अनोळखी माणसंही बाह्या सरसावून यायची. आणि एक काका असत, जे गाडीला बोटही लावत नसत. ते फक्त ओरडत, ‘सेकंड टाका! मी म्हणेन तेव्हा क्लच सोडा!’ ऑटोमॅटिक गाडीने या काकांच्या पोटावर पाय आणला आहे.

आमच्या सोसायटीत एकामागे एक अशा दोन गाड्या लावतात. परवा पुढच्या गाडीची बॅटरी उतरली आणि मागच्याची ट्रेन चुकायची वेळ आली. गाडीवाल्या वहिनी स्टिअरिंगवर होत्या, चार धट्टीकट्टी माणसं ढकलत होती. गाडी तसूभर हलेना.

‘वहिनी, क्लच दाबा!’ काका गरजले.

‘क्लच नाहीये, काका.’

‘नाही म्हणजे? कुठे गेला?’

ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर, म्हणजे पार्कवर असली की गिअरबॉक्सच्या आत एक लोखंडी खिटी दातेरी चाकात अडकते. तिथे माणसं वाढवून उपयोग नसतो. बरं, गिअरचा दांडा ‘पी’वरून काढावा, तर ब्रेक दाबल्यावर विजेवर चालणारा एक खटका सुटावा लागतो. वीजच नाही, तर सुटणार काय?

या खटक्यामागे अमेरिकेतलं एक प्रकरण आहे. ऑडी ५००० आपोआप उधळते, अशी तिथे ओरड झाली. १९८६ मध्ये सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने ती घरोघर पोहोचवली. ऑडीने मग ब्रेक दाबल्याशिवाय दांडा हलू न देणारं कुलूप बसवलं. १९८९ च्या सरकारी अहवालाचा निष्कर्ष असा, की बहुतेक वेळा चालकच ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबत होते. पाय चुकले अमेरिकेत, घाम आमच्या पार्किंगमध्ये.

तोवर वहिनींनी खणातून माहितीपुस्तक काढलं. अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं. आपल्याकडे ते गाडी विकताना नव्या मालकाला दाखवण्यासाठी जपतात. त्यात लिहिलं होतं : हँडब्रेक ओढा, दांड्याशेजारचं इवलंसं झाकण उचका, आतली कळ चावीने दाबून धरा, ब्रेकवर पाय ठेवा आणि दांडा ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलवर घ्या. खट्‌! मग हँडब्रेक सोडला आणि गाडी मुकाट सरकली.

‘आता सेकंड टाका!’ काका म्हणाले.

काकांना कोण सांगणार, की अशी गाडी धक्क्याने सुरू होतच नाही? इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल असतं, आणि त्या तेलाला दाब देणारा पंप इंजिनच फिरवतं. जंपर लावा, नाहीतर बॅटरी बदला. गोल चकती फिरवून किंवा बटण दाबून गिअर बदलणाऱ्या गाड्यांत बहुधा हे झाकणही नसतं. तिथे आधी बाहेरून वीज द्यावी लागते.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गाडीत ते झाकण आहे का, हे आज उजेड आहे तोवर बघून ठेवा. फक्त काकांना त्याचा पत्ता सांगू नका.