पाद्रीबाबांची शिकवणी

वहिनी, कणीक मळून झाली असेल तर या जरा कुंपणाशी. धाकटीच्या पेटीच्या क्लासची फी पुन्हा वाढवली म्हणे? शिव शिव! रिओचे पाद्रीबाबा अठ्ठावीस वर्षं फुकट शिकवत होते.

कोण म्हणून काय विचारता! जोझे माउरिसिओ नुनेस गार्सिया. ब्राझीलचे, जन्म १७६७ चा. आज्या गुलाम होत्या त्यांच्या. वडील गेले तेव्हा पोर सहा वर्षांचं. पण गळा असा आणि कान असा की सगळं रिओ ओळखायला लागलं. पाद्री व्हायचं ठरवलं तर काय, 'रंगाचा दोष' आडवा आला! कातडी सावळी म्हणून अर्ज करून सूट मागायची. देवानं दिलेल्या रंगाला दोष म्हणायचं आणि वर तो माफ केल्याचा मोठेपणाही आपणच घ्यायचा, ऐकलंय का असं कुठं? बरं, स्वतःची मालमत्ता हवी हीही अट. मग एका शिष्याच्या व्यापारी बापानं चक्क घर देऊन टाकलं. १७९२ मध्ये झाले एकदाचे पाद्री.

त्याच घरात भरायची शिकवणी. पियानो घ्यायला पैसा कुठला? तारांच्या गिटारीवर धडे द्यायचे, असं सांगतात. पोरांना अट एकच, चर्चमध्ये गायला-वाजवायला यायचं. म्हणजे फी नाही, पण रियाझ चुकवायची सोयही नाही. हुशार हो बाबा!

आता खरी गंमत ऐका. १८०८ मध्ये नेपोलियनच्या धाकानं पोर्तुगालचा अख्खा दरबार जहाजांत बसून रिओला आला. बरोबरच्या पाद्र्यांनी नाकं मुरडली, हा असला माणूस राजाच्या चॅपेलमध्ये? युवराज जुआंवनं कुणाचं ऐकलं नाही. चॅपेलचं संगीत यांच्याच हाती दिलं. एकदा म्हणे राजवाड्यात यांचं वादन ऐकून तो इतका खूश झाला, की शेजारी उभ्या सरदाराच्या कोटावरचं पदक काढून यांच्या छातीवर लावलं! सरदाराचं तोंड बघायला हवं होतं. कोटाच्या भागाला थोडं तिखटमीठ लागलं असेल, पण १८०९ मध्ये पदक मिळालं हे खरं.

सुख टिकतंय थोडंच. १८११ मध्ये लिस्बनहून मार्कोस पोर्तुगाल नावाचे बडे संगीतकार उतरले आणि मान तिकडे वळला. बाबा कुरकुरत बसले नाहीत. १८१६ मध्ये पोर्तुगालची राणी गेली आणि जुआंव राजा झाला. त्याच वर्षी बाबांची आईही गेली. तेव्हा रचलेलं त्यांचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं चर्चमधलं प्रार्थनासंगीत, आजही गातात. १८१९ मध्ये मोझार्टचं रेक्विएम त्यांनी रिओत वाजवून घेतलं. त्याची बातमी पार युरोपातल्या संगीताच्या पत्रिकेत छापून आली.

काय म्हणालात? हो, लेकरं होती. पाद्री असून. हळू बोला, तुमच्या सासूबाई ऐकतील! एक मुलगा तर पुढं नावाजलेला डॉक्टर झाला. म्हातारपणी बाबांनी त्याला कागदोपत्री आपला म्हणून मान्य केलं. करावं की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर उशिरा का होईना, केलं ते बरं केलं.

१८२१ मध्ये राजा परत गेला आणि पैशांची ओढाताण सुरू झाली. शिकवणीही बंद पडली. १८ एप्रिल १८३० ला बाबा गेले, ते गरिबीतच. वर्षभरात, १८३१ च्या एप्रिलमध्ये, त्यांच्याच एका शिष्याची चाल रिओत वाजली. फ्रान्सिस्को मानुएल दा सिल्वा त्याचं नाव, आणि तीच चाल आज ब्राझीलचं राष्ट्रगीत आहे. तुमच्याकडे भाऊजी वर्ल्ड कप लावून बसतात ना? ब्राझीलची मॅच असली की सुरुवातीला आवाज जरा मोठा ठेवायला सांगा.