हवा सोडायचे पैसे

शारजा, शनिवार दुपार

ती. अप्पा आणि सौ. आईस सा. न.

आई, आधी तुझी काळजी मिटवते. ग्रुपवरच्या फोटोत गाडीची चारही चाकं बसलेली दिसतात, ती पंक्चर नाहीत. तुझ्या लाडक्या जावयाने, मंदारने, ती मुद्दाम, पदरचे पैसे घालून बसवली आहेत. काल बोटिमच्या कॉलवर निम्मं बोलणं तुटलं आणि तुला नेमकं ‘वाळवंटात’ आणि ‘हवा नाही’ एवढंच ऐकू गेलं, म्हणून हा कागद. जोगळेकर वहिनी मंगळवारी निघताहेत, त्यांच्या हाती देते. कुकर लावलाय, शिट्ट्या होईतो जमेल तेवढं लिहिते.

वाळूत गाडी घालायची तर टायरमधली हवा कमी करावी लागते. डांबरी रस्त्यावर आमच्या गाडीला 35 पीएसआय; बदायरच्या वाळूत शिरताना ती 15 वर आणायची. टायर उंटाच्या पायासारखा पसरतो आणि रुतत नाही. त्याहून फार कमी केली आणि झटक्यात वळवलं, तर टायर रिमवरून उतरतो. म्हणून ‘अजून थोडी सोडू का?’ असं मंदारने विचारलं की मी गाडीतून खाली उतरते. अप्पा, शाळेतल्या सरांच्या सायकलची हवा सोडली म्हणून तुम्ही शिरीषदादाला चोपलं होतंत ना? इथे त्याच कामाची हत्यारं मखमली पिशवीत घालून विकतात.

ती घ्यायला आम्ही ड्रॅगन मार्टला गेलो. अजगर पसरावा तसा एक किलोमीटरहून लांब बाजार आहे. एका दुकानात चार पितळी बोंडल्या दाखवल्या. व्हॉल्व्हवर फिरवून बसवायच्या, ठरवलेल्या आकड्यावर हवा आली की आपोआप बंद. भाव 180 दिरहम! दिरहम चोवीस रुपयांच्या आसपास धर आणि गुणाकार तूच कर. मी केला आणि खाली बसले. दुसरं हत्यार व्हॉल्व्हच्या आतली पिनच बाहेर ओढतं, त्याला घड्याळ लावलेलं, हवा भसकन जाते. ते 70 ला. पिन वाळूत पडली तर काय, असं विचारल्यावर दुकानदाराने पिनांची वेगळी पुडी काढली. तिचे 10.

(शिट्ट्या झाल्या. आमटी फोडणीला टाकून आले.)

आमच्या इमारतीखालच्या टायरवाल्या खानसाहेबांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. त्यांनी खिशातून किल्ली काढली, व्हॉल्व्हची पिन दाबून धरली, झालं. प्रत्येक चाकाला थोडी मिनिटं जास्त जातात, एवढंच. “हवा घालवायला कोणीही चालतो, भरायला माणूस लागतो,” म्हणाले. मग ठरलं: सोडायला किल्ली आणि 15 दिरहमचं साधं प्रेशर मोजायचं घड्याळ, आणि वाचलेले पैसे पंपात.

पंपाच्या खोक्यावर 150 पीएसआय असं ठळक छापलेलं असतं. मंदार तेवढ्यावरच खूश. अरे, पण आपल्याला हवेत 35! बघायचं ते मिनिटाला किती लिटर हवा फेकतो आणि न तापता सलग किती वेळ चालतो. सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचे स्वस्त पंप एकेका टायरला दहा-दहा मिनिटं घेतात आणि तिसऱ्या चाकाला धापा टाकून बंद पडतात. मोठा पंप त्या भोकाला लावला तर फ्यूजच जातो. त्याचे चिमटे थेट बॅटरीला लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचं. शेवटी दोन सिलिंडरचा, मागच्या चाकापर्यंत नळी पोचेल असा घेतला. सांगितले 420, दिले 290. घासाघीस मी केली. मंदार लांब उभा राहून आपण या बाईला ओळखत नाही असं दाखवत होता. हा गुण कोणाकडून आला ते विचार तुझ्या मंडईतल्या भाजीवालीला.

वाळूतून बाहेर आल्यावर रस्त्याला लागण्याआधी हवा भरलीच पाहिजे, नाहीतर बसलेला टायर वेगात तापून फुटतो. आणि इथे टायरचे लाड माणसापेक्षा जास्त. त्याच्या कडेला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. म्हणजे टायरची जन्मतारीखच! पाच वर्षं झाली की नक्षी कोरी करकरीत असली तरी बाद. गाडीच्या वार्षिक तपासणीत नापास, रस्त्यात पकडलं तर 500 दिरहम दंड, चार काळे गुण आणि आठवडाभर गाडी जप्त. आमचे दोन टायर जेमतेम चाललेले, अंगावर ओरखडासुद्धा नाही, तरी काढून दिले. अप्पा, तुम्ही रिमोल्ड करून करून लूनाचा टायर किती चालवलात ते मी तपासणी केंद्रावरच्या माणसाला सांगणार होते. मंदारने हात धरला. उन्हाळ्यात 45 च्या वर पारा जातो, रबर भाजून निघतं, हे मला कळतं. पण मनाला कोण समजावणार!

आता तुमच्याकडचं. नलूआत्याला सांग, शिरीषदादाला मुलगी पसंत असेल तर उंचीचा विषय काढू नकोस. आत्या स्वतः किती उंच आहे? बंडूमामाने कंपाउंडची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत बोटभर नेली, हे ऐकून आश्चर्य वाटलं. बोटभरच? आणि अप्पांनी पोवई नाक्यापर्यंत एकट्याने चालत जाणं बंद करावं, रागावून लिहितेय असं समजा. गुडघ्याचं तेल वहिनींबरोबर पाठवत नाही, बाटली फुटते. पैसे पाठवते, तिथलंच घ्या.

पार्सल पोचलं. कंदी पेढे तुमच्या नातीने, ईराने, उभ्या उभ्या संपवले. चकल्यांचा चुरा झाला होता, तो आम्ही चमच्याने खाल्ला. मेतकूट मी वरच्या कप्प्यात ठेवलंय, कुणाला दाखवलं नाही. फोटो काढला त्या रात्री बदायरला वाळूवर चटई टाकून पोळीभाजी खात होतो. ईराने विचारलं, आजोबांचं घर कुठल्या बाजूला? मंदारने मोबाइलमधलं होकायंत्र बघून हात केला. तिकडे नेमका कुणाचा तरी जनरेटर धडधडत होता. तरी आम्ही तिघं बराच वेळ तिकडेच तोंड करून जेवलो. कोणी काही बोललं नाही. मग मंदारने पंप चालू केला आणि सगळ्या वाळवंटाला ऐकवला.

बंडूमामाला असाच पंप हवाय म्हणे. त्याला सांग, वजन आहे, विमानात माझ्या साड्या की त्याचा पंप हे मी आल्यावर कळेल.

सगळ्यांना नमस्कार. ईराचा पापा.

तुझी,
मीनू

ता. क. माळा आवरते आहेस असं म्हणालीस. पाटे, घमेली, माझ्या वह्या, काय द्यायचं ते दे. अप्पांचा सायकलचा पंप मात्र देऊ नकोस. आणि ऐकणारच नसशील, तर निदान लोखंडाच्या भावात देऊ नकोस, त्याची नळी पितळेची आहे.