टपरी निवड समिती, वर्धा

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर आर्वी नाक्याजवळच्या टपरीवर रोज सकाळी बसणाऱ्या निवड समितीचं बोलणं ऐकून बाहेरगावच्या माणसाला भलताच संशय यायचा. समितीसमोर चहा असतो, पन्नीत घोटलेला खर्रा असतो आणि चेन्नई सुपर किंग्जचं भवितव्य असतं. बाकी सगळं कामकाज पूर्ण शुद्धीत चालतं.

समितीत चौघं. अध्यक्ष निवृत्त तलाठी. त्यांची निवड बिनविरोध झाली, कारण बाकड्याची भिंतीकडची टेकायची जागा त्यांची आणि टपरीवरचं उधारीचं खातंही सगळ्यात जुनं त्यांचंच. आकडेवारी विमा एजंटाकडे. ग्रामीण भागाचे प्रतिनिधी म्हणून सालोडचे एक कास्तकार. आणि तरुणांना प्रतिनिधित्व हवं म्हणून एक पोट्टा, जो गेली काही वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. अंगात ७ नंबरची पिवळी जर्सी. चालू घडामोडींपैकी लिलावाच्या घडामोडी त्याला तोंडपाठ आहेत. आयोगानं तेवढंच विचारलं असतं तर तो आज उपजिल्हाधिकारी असता.

समितीसमोरचा विषय गंभीर आहे. २०२५च्या आयपीएलमध्ये चेन्नईनं १४ पैकी ४ सामने जिंकले आणि इतिहासात पहिल्यांदाच हा संघ तळाला, दहाव्या नंबरवर गेला. त्यानंतर नोव्हेंबरात मालकांनी रवींद्र जडेजा आणि सॅम करन यांना राजस्थानला देऊन संजू सॅमसनला आणलं. वर्ध्याला न विचारता.

"जडेजाले काहून देलं बे?" अध्यक्षांनी बैठकीला सुरुवात केली. "२०२३ च्या फायनलले दोन बॉलवर दहा रन पाह्यजे होते, तवा कोनं काढले? छक्का, चौका. त्याच्याच हातात तिकीट देलं राजस्थानचं!"

"त्याचे पैसे बी कमी केले भाऊ," एजंट म्हणाला. "अठरा कोटीचे चौदा केले."

"अठराचे चौदा?" कास्तकार पहिल्यांदाच बोलले. "म्हंजे हमीभावाच्या खालीच गेला म्हना ना."

पोट्ट्यानं संघाची बाजू मांडली. संघ तरुण करायचा आहे. म्हणूनच डिसेंबरच्या लिलावात प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या भारताकडून एकही सामना न खेळलेल्या दोन पोरांवर प्रत्येकी १४ कोटी २० लाख लावले. भविष्याचा विचार आहे हा. त्यावर अध्यक्षांनी विचारलं की भविष्याचा एवढा विचार आहे, तर तुझ्या जर्सीवरचा माणूस केव्हा रिटायर होणार? पोट्टा गप्प झाला. टपरीवरही क्षणभर शांतता पसरली. काही प्रश्न विचारायचे नसतात.

धोनीचं प्रकरण तर खास सरकारी पद्धतीचं आहे. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू 'अनकॅप्ड' धरावा, म्हणजे कागदोपत्री तो देशाकडून खेळलाच नाही असं समजावं, असा नियम आहे. त्या नियमात बसवून, २०११चा विश्वचषक उचललेल्या कर्णधाराला चेन्नईनं नवख्यांच्या रांगेत ४ कोटींत ठेवून घेतलं. अध्यक्षांना हा नियम फार आवडला. निवृत्तीनंतर मानधनावर पुन्हा त्याच टेबलावर बसण्याचा अनुभव त्यांनाही आहे. "अनुभवी मानूस पाह्यजेच," ते म्हणाले, "फक्त पळाचं काम त्याले सांगू नये."

इथे एक जुनी फाइल उघडायला हवी. २०२४ साली हीच समिती निळ्या रंगाची होती. त्या वर्षीच्या हंगामासाठी मुंबई इंडियन्सनं हार्दिक पंड्याला गुजरातकडून आणलं, रोहित शर्माला बाजूला सारून त्याला कर्णधार केलं आणि संघ १४ पैकी ४ सामने जिंकून दहाव्या नंबरवर गेला. वानखेडेवर लोकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली, इकडे आर्वी नाक्यावरून साथ गेली. त्यानंतर केव्हातरी पोट्ट्याच्या अंगावर पिवळी जर्सी दिसू लागली. खेळाडूला संघ बदलायचा तर बदलीची ठरावीक खिडकी असते, दोन मालकांचा करार लागतो, खुद्द खेळाडूची संमती लागते. चाहत्याला यातलं काही लागत नाही. बजाज चौकातल्या दुकानातून नवी जर्सी घेतली की बदली मंजूर. जुनी जर्सी मोटारसायकल पुसायला जाते, आणि अशा गाडीपुसण्याच्या फडक्यांवरून कोणत्या साली कोणता संघ हरला हे आमच्या गल्लीत बिनचूक सांगता येतं.

मग विषय पैशावर आला. तो येतोच. एजंटानं कास्तकारांच्या खिशातली कापसाच्या काट्याची पावती मागितली, उलटी केली आणि तिच्यावर गणित मांडलं. लखनौनं ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं. आयपीएलच्या इतिहासातली सगळ्यात मोठी बोली. २०२५च्या हंगामात त्यानं केल्या २६९ धावा. म्हणजे एक धाव पडली दहा लाखांना. एजंटानं पावती सुलटी केली. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. दहा लाख भागिले ८,११०.

"एकशे तेवीस क्विंटल," एजंट म्हणाला.

कास्तकारांनी खर्रा थुंकला. "एका रनात एकशे तेवीस क्विंटल? माह्या पाच एकराले चार-पाच वर्सं लागते एवढा निंगाले. अन् आमच्या कापसात बारा टक्क्याच्या वर ओलावा निंगाला का सीसीआय गाडी वापस धाडते. याचा ओलावा कोनं मोजला?"

या मुद्द्यावर समितीकडे उत्तर नव्हतं. कास्तकार मात्र आता थांबायला तयार नव्हते. आयपीएलमध्ये म्हणे एका संघात मैदानावर चारच परदेशी खेळाडू उतरवता येतात. आपल्या पोरांना संधी मिळावी म्हणून तसा नियम आहे. मग कापसाच्या संघाला हा नियम का नाही? ऑगस्ट २०२५मध्ये परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं. आधी मुदत सप्टेंबरअखेरपर्यंत होती, ती पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमका आमचा वेचणीचा आणि विकायचा सगळा हंगाम त्यात आला. अकराच्या अकरा परदेशी उतरवले आणि आम्हाला सांगितलं, तुम्ही डगआउटमध्ये बसा, टाळ्या वाजवा.

कापसाचा आणि बदलीच्या या धंद्याचा संबंध तसा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात आमच्याच हिंगणघाटचा कापूस इंग्लंडच्या बाजारात गावाच्या नावानं ओळखला जायचा. लँकशायरच्या ज्या पट्ट्यात कापडाच्या गिरण्या होत्या, तिथले कामगार रग्बी खेळत. शनिवारी सामन्याला गेलं की रोज बुडायचा. तो भरून द्या, असं उत्तरेतले क्लब म्हणत होते. लंडनचे मोठे लोक म्हणाले, खेळात पैसा आणाल तर खेळ बाटेल. शेवटी १८९५ साली हडर्सफिल्डच्या एका हॉटेलात बैठक झाली आणि क्लब फुटून निघाले. त्यातून पुढे तेरा जणांची रग्बी लीग उभी राहिली. आज त्या गावांमधले लोक आपला संघ तळाला गेला की कोणाला विका, कोणाला आणा यावर तासन्‌तास वाद घालतात. फरक एवढाच की तिकडे रोज बुडायचा खेळणाऱ्याचा. इकडे बुडतो पाहणाऱ्याचा, आणि तो भरून द्यायला कोणताही क्लब फुटून निघत नाही.

संघ तळाला असेल तर बाहेरून गडी आणावा, हे सूत्र वर्ध्याला नवीन नाही. २०२४च्या लोकसभेला जागावाटपात वर्ध्याची जागा शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेली. मैदान मिळालं, पण खेळाडू हवा होता. काँग्रेसचे माजी आमदार अमर काळे यांनी जर्सी बदलली, तुतारी हाती घेतली आणि भाजपचे दोन वेळचे खासदार रामदास तडस यांना हरवलं. तडस तर खरे कुस्तीगीर, विदर्भ केसरी. तेव्हा बदलीच्या खिडकीची सगळ्यात यशस्वी खरेदी आमच्याच जिल्ह्यात झाली, असं समितीचं मत आहे. फक्त आयपीएलमध्ये खेळाडू कोणत्या संघात आहे हे हंगाम संपेपर्यंत तरी बदलत नाही, महाराष्ट्राच्या विधानसभेत तेवढीही हमी नसते, अशी दुरुस्ती अध्यक्षांनी नोंदवून घेतली.

एवढं सगळं ऐकल्यावर माझ्यातला आगाऊ माणूस जागा झाला. मी म्हणालो, तळाचा संघ वर कसा येतो, याचं एक चालतंबोलतं उदाहरण आहे. तेही जवळचं. विदर्भाचा रणजी संघ.

"कोंता?" पोट्ट्यानं विचारलं.

आता सांगणं आलं. स्वतंत्र विदर्भ राज्याचा पत्ता नाही, पण क्रिकेट बोर्डानं स्वतंत्र विदर्भ कधीचाच देऊन टाकला आहे. १९५७-५८पासून हा संघ रणजी खेळतो. साठ वर्षं खेळला तो मात्र बहुतेक इतरांची सरासरी सुधारण्यासाठी. विदर्भाचा पहिला कसोटीपटू, उमेश यादव, २०११मध्ये मैदानात उतरला. त्याच सुमारास संघानं एक विचित्र गोष्ट केली. दरवर्षी अकराच्या अकरा माणसं बदला, असं न म्हणता निवासी अकादमी काढली, पोरं घडवली आणि नियमानं बाहेरचे तीन व्यावसायिक खेळाडू चालतात म्हणून मोजके जुनेजाणते आणले. कर्नाटकातून गणेश सतीश आला, मुंबईचा वसीम जाफर आला. जाफर एक अख्खा हंगाम दुखापतीमुळे खेळू शकला नाही. संघानं त्याचे पैसे तरीही दिले. पुढच्या हंगामात तो म्हणाला, आता मी फुकट खेळतो. आणि खेळला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फजल. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली, दिल्लीला हरवलं, विजयाची धाव जाफरच्या बॅटमधून निघाली. २०१७-१८चा करंडक नागपुरात आला. पुढच्या वर्षी पुन्हा आला. जाफरनं चाळिसाव्या वर्षी हजारावर धावा केल्या आणि अंतिम सामन्यात डावखुऱ्या आदित्य सरवटेनं सौराष्ट्राचे ११ गडी टिपले.

"फुकट खेळला?" एजंटाचं गणित तिथंच अडकलं. शून्य भागिले धावा, हा हिशेब पावतीवर मावत नव्हता.

बदल्यांची हौस असेल तर त्याही आहेत, मी म्हणालो. कसोटीत त्रिशतक ठोकलेल्या करुण नायरला कर्नाटकनं संघातून काढलं. २०२३मध्ये तो विदर्भात आला. २०२४-२५च्या विजय हजारे स्पर्धेत त्यानं पाच शतकं ठोकत विदर्भाला अंतिम फेरीत नेलं आणि तिथं विदर्भ हरला तो कर्नाटककडूनच. दीड महिन्यानं रणजीची अंतिम फेरी. समोर केरळ. केरळकडून ७९ धावा करून विदर्भाला घाम कोणी फोडला? आपल्याच आदित्य सरवटेनं, जो त्या हंगामात तिकडे गेला होता. ३७ धावांची आघाडी मिळाली, नायरनं दुसऱ्या डावात १३५ केल्या, करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे. हर्ष दुबेनं एका हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडला. आणि त्याआधी उपांत्य फेरीत ज्या संघाला ८० धावांनी घरी पाठवलं तो होता मुंबई. रहाणे, सूर्यकुमार, शिवम दुबे, शार्दूल, सगळे होते. मग नायर कर्नाटकला परत गेला, अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. आता त्यांच्या जागी कोण, यावर बोला की. विषय ताजा आहे, संघ घरचा आहे.

समिती विचारात पडली. मुंबई हरली यावर अध्यक्षांचा चेहरा थोडा उतरलाच. वेगळ्या विदर्भाच्या मोर्चात ते दर वेळी पुढे असतात, पण मुंबई हरली की त्यांना अजून घरातलं कोणी गेल्यासारखं होतं. निळी जर्सी बदलली तरी सवय जात नाही.

"हे सगळं कुठी झालं म्हनता?"

मुंबईचा आणि केरळचा सामना जामठ्याला. इथून तासा-दीड तासावर, समृद्धीला लागलं तर त्याहून लवकर. विदर्भाच्या क्रिकेटला आपल्या जिल्ह्याचं सगळ्यात मोठं योगदान म्हणजे ते स्टेडियम ज्या रस्त्यावर आहे त्याला नागपूरकर 'वर्धा रोड' म्हणतात. रणजीच्या सामन्याला सहसा तिकीटही नसतं. स्टेडियमवर हजारो रिकाम्या खुर्च्या असतात, कोणतीही निवडा, भिंतीकडची सुद्धा. एखाद्या दिवशी चौघंही चला, गाडीचं पेट्रोल माझ्याकडे.

कास्तकारांनी वेचणीचं निमित्त सांगितलं. एजंटाला मार्च एंडिंग आठवलं, डिसेंबरात. पोट्ट्याचा पेपर होता, कोणता ते त्याला आठवेना. शेवटी अध्यक्षांनी पाठ भिंतीला टेकवली आणि समितीच्या वतीनं निर्णय दिला.

"कायले जाचं बाप्पा एवढ्या दूर? तिथं पाहाचं काय? आपलेच तं पोट्टे खेळते. बरं, संजूले कितव्या नंबरवर पाठवाचं ते सांगा आधी."